लेकराचं तोंड मागं

डॉ. यशोधराताईंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मला त्यांच्या फक्त चपला दिसल्या. बाकी अख्ख्या ताई जीपखाली होत्या.

ताडकळसच्या बाजूला आमचं प्राथमिक आरोग्य केंद्र होतं आणि मी तिथला ड्रायव्हर. नवीन डॉक्टरीणबाई येणार एवढं कानावर आलं होतं. सकाळी टोपी नीट करून आवारात गेलो, तर सरकारी जीपखालून आवाज आला, "ड्रायव्हर कोण आहेत इथले?"

"मी. दत्तराव, पेडगावचा."

"दत्तराव, तुमचा मागचा बाक हलतोय. बोल्ट आवळायला पाहिजेत."

बाक हलतो हे मला ठाऊक होतं. पण एखादी डॉक्टरीण हजर होण्याआधी, पत्र्याची ट्रंक पायरीवर ठेवून थेट जीपखाली शिरते, हे माझ्या बापजन्मात मी पाहिलं नव्हतं. ताई बाहेर आल्या, पदराला लागलेलं ग्रीस बघून हसल्या आणि त्यांनी विचारलं, "मागं लेकरू बसलं तर ते कशाला धरतं?"

मी म्हणालो, "लेकराला आई धरती की."

"आणि आई कशाला धरते?"

ताई ट्रंक उचलून आत गेल्या. त्या प्रश्नाचं धड उत्तर मला आजही देता येत नाही.

परवा ताईंच्या गौरवसमितीची मंडळी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत, तुमचा लेख पाहिजे." मी म्हणालो, "अहो, मला हॉर्न वाजवायला सांगा. लेख लिहिणारे मोठमोठे डॉक्टर, प्राध्यापक आहेत की तुमच्याकडे." मंडळी ऐकेनात. मग म्हटलं, ठीक आहे. ताईंच्या वैद्यकीय ज्ञानाबद्दल जाणकार लिहितील. ताईंना जीपमध्ये बसून ज्यानं सर्वांत जास्त पाहिलं तो मीच. तेव्हा मी जीपपुरतं लिहितो. मोठ्यांनी सांभाळून घ्यावं.

त्या काळी आमच्या जीपचं मोठं काम म्हणजे कुटुंबनियोजनाचे कॅम्प. बायकांची ऑपरेशनं व्हायची आणि नंतर त्यांना त्यांच्या गावी नेऊन सोडायचं. पोटाला टाके पडलेली बाई, तिचं अंगावर पिणारं लेकरू, सोबत सासू नाहीतर नणंद. टाक्यांमुळे आईला लेकरू मांडीवर घेता यायचं नाही. मग ते या हातातून त्या हातात फिरत जायचं. आणि पुढं माझ्या शेजारी कोण? तर गावातला मानाचा माणूस. मानाची जागा म्हणजे पुढची जागा, हे आमच्याकडे आईच्या दुधासोबत शिकवलेलं असतं. त्या मानाच्या माणसाच्या मांडीवर पुन्हा मानाचं लेकरू, म्हणजे वंशाचा दिवा, समोरच्या काचेला नाक लावून. लेकरू खूश, आजोबा खूश. मीही खूश, खोटं कशाला बोलू.

ताईंनी हे पाहिलं आणि पहिल्या कॅम्पच्या दुसऱ्याच दिवशी मला आवारात बोलावलं. म्हणाल्या, "दत्तराव, तुम्ही आखाड्यात उतरलेले आहात म्हणे."

मी छाती फुगवली. "हाव. जत्रेत कुस्ती मारून नारळ घेतलेत."

"मग हे गाठोडं मांडीवर धरा. घट्ट. लेकरू समजून धरा. मी जीप चालवते."

गाठोडं ज्वारीचं होतं, वर्षाच्या लेकराएवढ्या वजनाचं. मी म्हणालो, "तुमी चालवणार?" ताईंनी आधी पर्समधून लायसन काढून माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, "बघून घ्या. सरकारी गाडी आहे, उगीच कुणाच्याही हातात देऊ नका." मी लायसन उलटंपालटं करून पाहिलं. बाईमाणसाच्या नावाचं लायसन मी पहिल्यांदाच पाहत होतो. ताई स्टेअरिंगवर बसल्या, आवारात सायकलच्या वेगानं जीप घेतली आणि कडुनिंबाजवळ कचकन ब्रेक दाबला.

गाठोडं माझ्या हातात नव्हतं. ते समोर आपटून फुटलं होतं आणि ज्वारी सगळ्या जीपभर झाली होती. माझे दोन्ही हात तसेच पुढं पसरलेले, रिकामे. मी त्या हातांकडे बघत राहिलो. आदल्याच आठवड्यात मी माझ्या भावाच्या लेकराला असंच मांडीवर घेऊन पुढं बसलो होतो.

ताई सावकाश म्हणाल्या, "तुमच्या हातात जोर कमी नाही, दत्तराव. झटक्यापुढं कुणाचाच जोर चालत नाही. शिकत असताना कॅज्युअल्टीत एक आई आली होती. तिच्या अंगावर ओरखडा नव्हता. मांडीवरचं लेकरू मात्र गेलेलं होतं. ती एकच वाक्य म्हणत होती, मी घट्ट धरलं होतं हो, मी घट्ट धरलं होतं." एवढं बोलून त्यांनी झाडू मागवला. ती ज्वारी आम्ही दोघांनी मिळून गोळा केली. उरलेल्यावर चिमण्यांची चंगळ झाली.

मग आसन तयार झालं. गावातल्या सुताराला बसवून ताईंनी ते स्वतःच्या नजरेखाली करून घेतलं. उंच पाठीची, दोन्ही बाजूंना आडोसा असलेली लाकडी खुर्ची, आत वाकळ शिवून लावलेली. पलंगाची रुंद नवार घेऊन तिचे पट्टे केले. दोन खांद्यांवरून, एक पायांमधून, आणि मध्ये चामडी पट्ट्याचं बक्कल. ते आसन पुढच्या सीटच्या पाठीला टेकवून बसवायचं, लेकराचं तोंड मागं. सुतार म्हणाला, "बाई, उलटं झालं की हे." ताई म्हणाल्या, "असंच पाहिजे. गाडी थांबली की सगळं पुढं जातं. लेकराचं डोकं जड आणि मान कवळी, भरल्या कणसाचं धाट असावं तशी. पाठीला फळी असली की झटका फळी सोसते. आणि तोंड मागं असलं की त्याला आई दिसते, आईला ते दिसतं. रडणार कशाला?"

आता ताईंचा दुसरा गुण सांगतो. मी म्हणालो, "जीपच्या पत्र्याला चार भोकं पाडतो अन् आसन कायमचं ठोकून टाकतो." ताई एकदम कडाडल्या, "खबरदार. सरकारी गाडीला परवानगीशिवाय भोक पाडायचं नाही." मला गंमत वाटली. जिच्यासाठी कुठल्या कायद्यात एक ओळ नाही अशी खुर्ची बाई करतात, आणि भोकाला कायदा सांगतात! पण ताईंचं म्हणणं पक्कं होतं. "नियम मोडून चांगलं काम केलं की लोक नियमच धरून बसतात, काम राहतं बाजूला." त्यांनी परवानगीसाठी वर लिहिलं आणि तोवर आम्ही आसन नवारीनंच सीटच्या लोखंडी सांगाड्याला आवळून बांधलं. मी लाथ घालून पाहिलं. हललं नाही.

ती वर्षं नामांतराची होती. विद्यापीठाच्या नावावरून जिल्ह्यात मनं फाटली होती. काही गावांत त्याहून वाईट झालं होतं. पूर्वी एका बाकावर बसणारी माणसं एकमेकांकडे न बघता बसत. ताई बौद्ध समाजाच्या. वडील परभणीत जिनिंगमध्ये हमाली करायचे. काही घरांत ताईंना पाणी कोणत्या भांड्यातून द्यायचं यावर आत कुजबुज चाले, आणि बाहेर आम्हाला ती ऐकू येई. ताई आपली पाण्याची बाटली काढून दोन घोट पीत आणि मोठ्यानं म्हणत, "पाणी राहू द्या, बाळंतीण कुठं आहे ते सांगा." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ताईंच्या कपाळावर मात्र आठी मी कधी पाहिली नाही.

अशा दिवसांत एका कॅम्पला मुंजाजी पाटलांची सून आली. गावाचं नाव लिहीत नाही. पाटील म्हणजे परिसरात दबदबा असलेलं मोठं खटलं. सुनेचं नाव सत्यभामा. दोन मुलींनंतरचा मुलगा, गजू, नुकता पावलं टाकायला लागलेला. ऑपरेशन नीट झालं. सोडायच्या दिवशी पाटील स्वतः फेटा बांधून आले आणि सवयीनं पुढच्या सीटवर बसून त्यांनी हात पसरले. "आणा आमच्या गजाननाला इकडं."

ताई म्हणाल्या, "पाटील, गजानन त्या आसनात बसेल."

पाटलांनी मान वळवून पाहिलं. आसन पाहिलं, त्याचं तोंड पाहिलं, आणि खाली उतरले. आवारात कॅम्पची सगळी माणसं होती. पाटलांचा आवाज चढला. "उलटं बसवता माझ्या नातवाला? गाढवावर उलटं बसवून धिंड काढतेत, तशी काढायलात का आमची? अन् ते पण मागं? पाटलाचं लेकरू मागं बसंल व्हय?"

पाटलांच्या बोलण्यातला न बोललेला भाग सगळ्यांना ऐकू आला होता. कुणी सांगतंय, आणि कुणाला सांगतंय. मी घाबरलो. एक ठिणगी पुरली असती.

ताईंनी आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "मागं बसवणं म्हणजे काय असतं ते मला माहीत आहे, पाटील. माझे वडील जन्मभर मागंच बसले. तुमचा नातू मागं बसला तर सुखरूप घरी जाईल, एवढ्यासाठी मी सांगते. तो तुमच्या मांडीवर असला तर ही जीप निघणार नाही."

"न्हाई निघाली तर न्हाई! बदली करून टाकीन तुमची."

"करा. पण नवीन डॉक्टर येईपर्यंत जीप माझ्या ताब्यात आहे."

पाटलांना बैलगाडी मागवता आली असती. पण सुनेच्या पोटाला टाके, आणि रस्ता असा की बैलगाडीत टाके तुटायचे. ती बिचारी गजूला कुशीला घेऊन बाकावर पडून दोघांकडे बघत होती. तेवढ्यात ताईंनी जे केलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्या जीपमध्ये चढल्या, आसनाशेजारी औषधांची लाकडी पेटी ठेवली आणि तिच्यावर स्वतः मागं तोंड करून बसल्या. म्हणाल्या, "उलटं बसण्यात धिंड असेल तर आधी माझी निघू द्या. सत्यभामा, दे गं लेकराला."

आणि सत्यभामानं, जिनं सासऱ्यापुढं कधी पदर ढळू दिला नव्हता तिनं, गजूला ताईंच्या हातात दिलं.

पाटील पुढं बसले, पण सगळ्या रस्त्यात माझ्याशी अवाक्षर बोलले नाहीत. गजू मात्र आईकडे बघून खिदळत होता. गावात शिरलो तर पारावरची पोरं ओरडायला लागली, "डॉक्टरीण उलटी आली! डॉक्टरीण उलटी आली!" बाया दारात येऊन पदर तोंडाला लावून हसत होत्या. शिकल्यासवरल्या, डॉक्टर झालेल्या बाईनं भर गावातून असं जावं, तेही त्या दिवसांत! माझे कान तापले. आरशात पाहिलं तर ताईंनी एक हात आसनाला धरलेला, दुसऱ्या हातानं गजूला चुटक्या वाजवून दाखवत होत्या. घरी पोचल्यावर टाक्यांची काळजी कशी घ्यायची ते सत्यभामाला नीट समजावून सांगितलं, पाटलांना नमस्कार केला आणि परत निघाल्या. बाई कसल्या मातीच्या होत्या, देव जाणे!

पाटलांनी तक्रार केलीच. जिल्ह्याच्या ठिकाणाहून एक साहेब चौकशीला आले. आसन काढायचं का ठेवायचं, आणि ताईंना इथं ठेवायचं का हलवायचं, दोन्ही त्यांच्या हातात होतं. साहेब म्हणाले, "मॅडम, असं आसन लावावं हे कुठल्या नियमात आहे?" ताई म्हणाल्या, "कुठल्याच नाही, साहेब. लावू नये असंही कुठं नाही. गाडीला एकही भोक पाडलेलं नाही, बघून घ्या. परवानगी मागितली आहे, तिचं उत्तर तुमच्याच कचेरीत आहे. आता एवढं गाठोडं मांडीवर धरता का?" मी दुसरीकडे तोंड फिरवलं. पुढं काय झालं ते सांगायला नको. साहेबांच्या सफारीच्या खिशातनं ज्वारी निघत होती. चहा घेतला, आसनाचे पट्टे ओढून पाहिले आणि जाताना म्हणाले, "मलाही एक नात आहे." पुढं परवानगी आली. ताई होत्या तिथंच राहिल्या.

रस्त्यावर उतरलेल्या ताईंचंही सांगितलं पाहिजे. ताडकळसच्या बाजारच्या दिवशी एक गडी मोटरसायकलवरून आला. टाकीवर लेकरू, मागं बायको. ताई रस्त्यात आडव्या उभ्या.

"हे टाकीवर काय आहे?"

"पोरगं हाय माझं."

"असं होय? मला वाटलं तेलाचा डबा बांधलाय."

गडी ओशाळला. "ताई, टाकीवर बसवलं तरच गप राहतंय हे."

"एक दिवस कायमचं गप राहील."

असं कडू बोलणं ताईंना सहज यायचं, आणि मला ते कधीकधी जास्त वाटायचं. पण बोलून त्या निघून जात नसत. त्यांनी मायलेकराला एस.टी.च्या थांब्यावर नेलं, स्वतः तिकीट काढून गाडीत बसवलं आणि त्या गड्याला सांगितलं, "तू ये मागनं एकटा. गाडीवर दोघांपुरतीच जागा असते." बाजार सगळा बघत होता. पुढं ताई बाजारात दिसल्या की टाकीवरची पोरं पटापट खाली उतरायची. हे मी स्वतः पाहिलं आहे.

माझ्या घरावर तर ताईंचे उपकार किती सांगू? माझी थोरली लेक केंद्रातच जन्मली. घरी न्यायला भाऊ बैलगाडी घेऊन आला. ताई आतून आल्या आणि म्हणाल्या, "लेकराला टोपलीत गोधडी घालून ठेवा, टोपली गाडीच्या साटीला बांधा." माझी आई म्हणाली, "बाई, बैलगाडीला कशाला हे?" ताई म्हणाल्या, "मावशी, तुमचे बैल बुजत नाहीत का?" आईनं गोधडी टोपलीत अंथरली. माझी लेक टोपलीत बांधून घरी आली. आज ती शिक्षिका आहे आणि तिला सगळी आळी अजून 'टोपलीतली' म्हणते.

आता ज्यासाठी लेखणी धरली ते लिहितो.

त्या वादानंतर गजू पुन्हा आमच्या जीपमध्ये बसणार नाही, असं पाटलांनी जाहीर केलं होतं. बरेच महिने गेले. एका उन्हाळ्यात गजूला हगवण लागली. दोन दिवसांत डोळे खोल गेले. पाटलांचा माणूस सायकल मारत केंद्रावर आला आणि आम्ही निघालो. ताईंनी पाटलांच्या घरीच सलाईन लावलं आणि म्हणाल्या, "परभणीला न्यावं लागेल. आत्ता." पाटील लेकराला उचलून जीपपाशी आले. ताईंनी नुसतं आसनाकडे बघितलं. मग पाटलांनी स्वतःच्या हातानं गजूला आसनात ठेवलं. पट्टे कसे बांधायचे ते त्यांना येईना. ताईंनी बांधले.

पाटील पुढं, माझ्या शेजारी. ताई मागं, पेटीवर, बाटली उंच धरून. सत्यभामा बाकावर. मी जीप पळवत होतो, पण सांभाळून. एका पुलाच्या अलीकडे बांधावरून एक म्हैस उधळून थेट रस्त्यात आली. मी ब्रेक दाबला, जीप घसरली आणि पुलाच्या कठड्याला धडकून नालीत कलली.

माझ्या छातीवर स्टेअरिंग आपटलं होतं. शेजारी पाटील समोरच्या काचेवर गेले होते, कपाळ फुटलेलं, फेट्यातून रक्त. सत्यभामा बाकावरून खाली पडली होती, सुदैवानं सोबतच्या कपड्यांच्या गाठोड्यांवर. ताई पेटीसकट फेकल्या गेल्या होत्या, डाव्या मनगटाचं हाड मोडलेलं स्पष्ट दिसत होतं. उजव्या हातातली बाटली अजून उंच होती. मला आसनाकडे बघायचं धाडस होईना. पाटील एकच शब्द ओरडत होते, "गजू! गजू!"

गजू आसनात होता. जिथं ठेवला तिथंच. पाठ फळीला टेकलेली, पट्टे ताणलेले. एवढ्या गोंधळात तो ताईंच्या हातातल्या बाटलीकडे बघत होता.

पाटलांनी वळून पाहिलं. रक्त डोळ्यांत उतरत होतं, ते पुसत पुसत बघत राहिले. मग आपल्या दोन्ही हातांकडे बघितलं. मी ते बघणं ओळखलं, गाठोडं सुटलं तेव्हा मीही माझ्या हातांकडे असंच बघितलं होतं. गजू त्या हातांत असता तर कुठं असता, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती.

मागून एस.टी. आली. ड्रायव्हरनं गाडी थांबवली. ताईंनी लेकराला सोडू दिलं नाही. आम्ही नवार सोडून आसनच लेकरासकट उचललं आणि एस.टी.त ठेवलं. हात मोडलेला असूनही ताई परभणीपर्यंत गजूची नाडी बघत होत्या. मी म्हणालो, "ताई, तुमचा हात." त्या म्हणाल्या, "हात कुठं पळून जातो? तुम्ही बाटली धरा." गजू वाचला. चार दिवसांनी भाकरी मागायला लागला.

पाटील आभार मानायला आले नाहीत. हा त्यांचा स्वभाव. पण त्यानंतर आमची जीप त्या गावात गेली की कुणाचंही लेकरू असो, आधी त्याला आसनात बसवायला पाटील स्वतः पुढं येत. पट्टे बांधायला ते शिकले होते.

पुढं वर्षं गेली. नामांतर झालं. त्याच वर्षी पाडव्याला पाटलांच्या घरी नवी कोरी जीप आली आणि पूजेला ताईंना आवतण आलं, मलाही. आमच्याकडे रीत अशी की नव्या गाडीची पूजा झाली, चाकाखाली लिंबू फुटलं, की घरातलं सर्वांत लहान लेकरू ड्रायव्हरच्या मांडीवर घेऊन त्याचे हात स्टेअरिंगवर ठेवायचे आणि गावातून फेरी मारायची. पाटलांच्या धाकट्या लेकाला मुलगी झालेली होती, अजून वर्षाची व्हायची होती. सगळे वाट बघत होते. पाटील म्हणाले, "दत्तराव, आज गाडी तुमी चालवा." मी बसलो. मांडी मोकळी करून हात पुढं केले.

पाटलांनी मान हलवली आणि बोट मागं केलं. मी वळून पाहिलं. पुढच्या सीटच्या पाठीला टेकवून नवं आसन बसवलेलं होतं. उंच पाठ, आत मऊ गादी, रुंद नवारीचे पट्टे. तोंड मागं. पाटलांनी नातीला त्यात ठेवलं, बक्कल लावलं आणि दोन बोटं घालून ताण तपासला, ताई तपासत तसा. मग पुढचं दार उघडून हात जोडले. "ताई, तुमी इथं बसा."

सगळं गाव उभं होतं. त्या घराच्या गाडीत, त्या मानाच्या जागी, ताईंच्या समाजातलं कुणी तोवर बसलं नव्हतं. ताईंनी उघड्या दाराला हात लावला. मला वाटतं, त्यांना वडील आठवले असावेत. मग म्हणाल्या, "पाटील, ही जागा तुम्ही दिलीत, मला पोचली. पण मला लेकराजवळ बसू द्या." आणि त्या मागं चढून आसनाशेजारी बसल्या, तोंड मागं करून.

पाटलांनी उघडलेलं दार लावलं. मला वाटलं, आता ते स्वतः पुढं बसतील. ते वळसा घालून मागं गेले. सत्तरी गाठलेला माणूस, नवा फेटा बांधलेला. दांडीला धरून वर चढले आणि नातीच्या दुसऱ्या बाजूला, ताईंसारखेच, गावाकडे तोंड करून बसले.

"दत्तराव, चालवा," ते म्हणाले. "सावकाश. समद्यांना दिसू द्या."

माझ्या शेजारची मानाची जागा रिकामी होती. मी जीप पारावरून घेतली, मारुतीवरून घेतली, भीमनगरच्या कमानीपाशी नेली. या वेळी पारावर कुणी ओरडलं नाही. आरशात मला तिघांच्या पाठी दिसत होत्या: एक फेटा, एक पांढरा पदर, आणि दोघांच्या मध्ये आसनाची उंच फळी. समोरचा रस्ता मला धूसर दिसत होता. ड्रायव्हरनं डोळ्यांत पाणी येऊ देऊ नये, पण आलं.

आज मुलांना आसनात किंवा पट्ट्यात बसवावं असा कायदा झाला आहे. ताईंनी ती बातमी वाचली तेव्हा म्हणाल्या, "उशीर झाला, पण आला." दुकानात तपासून प्रमाणित केलेली आसनं मिळतात. माझं वाचून कुणी सुताराकडे जाऊ नका, ताईच रागावतील. चांगलं आसन घ्या, मागच्या सीटवर नीट आवळून बसवा आणि लेकरू लहान आहे तोवर त्याचं तोंड मागं ठेवा. ते रडलं तरी मांडीवर घेऊ नका. गजू आता स्वतः बाप आहे. त्याच्या मोटारीत आसन आहे, हे मी डोळ्यांनी बघून आलो आहे.

ताई, समितीनं तुमची मिरवणूक उघड्या जीपमधून काढायचं ठरवलं होतं. तुम्ही विचारलंत, "पट्टे आहेत का तिला?" तेव्हा मी पोटभर हसलो. तुमचं हे विचारणं कधी थांबू नये. तुमचं मोडलेलं मनगट थंडीत अजून दुखतं, ते दुखणं आमच्या वाट्याला यावं. गजूच्या लेकरांची लेकरं आसनात बसलेली तुम्ही पाहावीत आणि त्यांचे पट्टे दोन बोटं घालून तुम्हीच तपासावेत. तेवढं आयुष्य निरोगी शरीरानं तुम्हाला लाभो. त्या दिवशी गाडी चालवायला मी नसेन. पण जो कुणी स्टेअरिंगवर असेल त्याला माझं सांगणं आहे: बाबा, सावकाश चालव. मागं ताई बसल्या आहेत.